चहा दोन, माणसं चार

जालन्यावर लेख म्हटला की हात आपोआप लोखंडाकडे जातो. सळईचे कारखाने, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली सुरू केलेली महिको, तिच्यामागून वाढलेला बियाण्यांचा धंदा, मोसंबी. वर ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण टाकली की लेख पुरा. म्हणूनच संपादकांनी आधी बजावलं, ‘‘सळई नको. दिवस मावळल्यावर तिथली दोस्तमंडळी कुठं बसतात, काय खातात आणि बिल कोण देतं, ते लिहा.’’ शेवटचा प्रश्न त्यांनी गमतीत टाकला असावा. मी अडकलो तो नेमका त्यातच.

कुंडलिका नदीच्या एका अंगाला नवा जालना, दुसऱ्या अंगाला जुना. जुन्या जालन्यात गांधी चमन, शनी मंदिर, रेल्वे स्टेशन. या भागातल्या ज्या हॉटेलात मी बसू लागलो, त्याचं नाव छापू नका असं मालकांनी सांगितलं. ‘‘नाव आलं की लोक फोटो काढायला येतात, चहा प्यायला नाही,’’ हे त्यांचं कारण. नाव नसलं तरी वाचकाला ते ओळखीचं वाटेल, कारण मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाला असं एक हॉटेल असतं. दर्शनी भट्टी, तिच्यावर दुधाचं पातेलं, शेजारी तेलाची कढई. जाळीच्या कपाटात खारी, टोस्ट, फरसाण. आत फरशी घातलेली टेबलं आणि डुगडुगणारी बाकं. सकाळी पोहे आणि सुशीला, दुपारी चार वाजल्यापासून समोसे आणि मिरची भजी. भिंतीवर कॅलेंडर, देवाची तसबीर आणि ‘उधारी बंद आहे’ अशी पाटी. त्या पाटीखालीच उधारीची वही.

इथं टेबलं सांभाळतात ते चाचा. वय साठीच्या पुढं, बनियनवर उघडा शर्ट, खांद्यावर फडकं. त्यांच्याकडे वही नाही, पेन नाही. गिऱ्हाईक बसलं की आधी पाण्याचे ग्लास येतात, मग चाचा. मागणी ऐकतात आणि भट्टीकडे तोंड करून ओरडतात, ‘‘दोन चहा चारमें, एक भजी!’’ दोन चहा, चार ग्लास. हे गणित इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. खरी मजा पुढं आहे. मंडळी उठून दाराकडे निघाली की चाचा हॉटेलाच्या दुसऱ्या टोकावरून गल्ल्याला आवाज देतात, ‘‘निळा शर्ट, चौऱ्याहत्तर!’’ हॉटेलात निळे शर्ट दोन असतील तर ‘‘निळा शर्ट, चष्मा.’’ दोघांनाही चष्मा असेल तर ‘‘निळा शर्ट, टक्कल’’ म्हणायलाही ते कचरत नाहीत. मधे भज्यांची दुसरी प्लेट आली, एकानं टोस्ट घेतला, एक जण अर्ध्यात उठून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं. गल्ल्यावरचे मालक उलट तपासणी करत नाहीत आणि गिऱ्हाईकही सहसा करत नाही. मी एकदा कागदावर बेरीज करून पाहिली. चाचांचा आकडा बरोबर निघाला. इतकं डोक्यात राहतं कसं, असं विचारल्यावर म्हणाले, ‘‘लिखा तो भूलता मैं.’’

ही पद्धत चाचांनी शोधलेली नाही. बिल ओरडून सांगायची रीत पुण्या-मुंबईच्या जुन्या इराण्यांकडे आणि उडप्यांकडेही होती. मुंबईचं कयानी १९०४चं, पुण्याचं गुडलक १९३५चं. तिथं बसून पिढ्यानपिढ्यांनी नाटकं, मासिकं आणि चळवळी ठरवल्या, त्यामुळं त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. पण बन-मस्का असो की मिरची भजी, व्यवहार एकच आहे. हॉटेलवाला विकतो चहा आणि गिऱ्हाईक वापरतं जागा. कपाची किंमत छापलेली असते, बसण्याची नसते. रे ओल्डेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं १९८९ साली ‘द ग्रेट गुड प्लेस’ नावाच्या पुस्तकात अशा ठिकाणांना ‘तिसरी जागा’ म्हटलं. एक घर, दुसरी कामाची जागा आणि तिसरी ही, जिथं कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. गांधी चमनाजवळ रोज संध्याकाळी जमणाऱ्या निवृत्त मास्तरांना, विमा एजंटाला आणि सळईच्या कारखान्यात सुपरवायझर असलेल्या त्यांच्या शाळासोबत्याला हे पुस्तक वाचायची गरज नाही. घरी बोलावलं तर भाभींना त्रास, बाहेर उभं राहिलं तर पाय दुखतात. म्हणून हॉटेल.

ही सोय सगळ्यांच्या वाट्याला सहज आली, असं मात्र समजू नये. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही मंडळींनी चहा घेतला. त्यात टिळक होते, रानडे होते. गोपाळराव जोशांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि नुसत्या चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीतून बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुढं दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. पुढाऱ्यांची ही गत, तर ज्यांना हॉटेलाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नव्हते त्यांचं काय? गावोगाव हॉटेलाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे. ज्याची त्यानं विसळायची आणि पुन्हा वळचणीला अडकवायची. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून सुटला. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटना लागू झाली आणि तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नाव घेऊन उल्लेख आला. तिथल्या प्रवेशाला धर्म, जात, लिंग यांची आडकाठी नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला. चार वेगवेगळ्या आडनावांची माणसं एका बाकावर बसून एकाच प्लेटमधली मिरची तोडतात, त्यामागं एवढा इतिहास आहे. शिक्षक असलेल्या एका गिऱ्हाईकानं मला हे एका वाक्यात सांगितलं, ‘‘माझे आजोबा या गल्लीतल्या हॉटेलात बाहेर उभं राहून चहा प्यायचे. मी आत बसतो आणि बिलावरून भांडतो.’’

ते भांडण बघण्यासारखं असतं. चौघं गल्ल्यापाशी येतात आणि चौघांचे हात खिशात जातात. ‘‘आज माझं’’, ‘‘तू मागच्या वेळी दिलंस’’, ‘‘शेठ, त्याच्याकडून घेऊ नका, शपथ आहे.’’ कोणाची नोट घ्यायची हा निर्णय मालकांचा. त्यांचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण मला हळूहळू उमगले. कॉलेजातलं पोरगं आणि कमावता माणूस असेल तर पोराची नोट परत. ज्याची उधारी वहीत आहे, त्याला सोबत्यांसमोर मोठेपणा करू द्यायचा आणि उधारीचा विषय काढायचा नाही. बाहेरगावचा पाहुणा असेल तर काही झालं तरी त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, नाहीतर जालन्याची अब्रू जाते. वर्षभरात सगळ्यांचा हिशेब साधारण सारखा होतो, असं मालक म्हणतात. कुणी मोजत नाही म्हणून तो जुळतो.

आता कॉलेजची पोरं मोजतात. त्यांचा मंत्र टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. गल्ल्यावर क्यूआर कोडचा चौकोन आहे, शेजारी पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारी डबी. पाच पोरं ओळीनं स्कॅन करतात आणि डबी पाचदा बोलते. पंचाईत होते ती चाचांची. त्यांचा आकडा टेबलाचा असतो, माणसाचा नाही. एका प्लेटीत आठ भजी, पोरं पाच, त्यातल्या एकानं भजी खाल्लीच नाहीत. चाचा अशा वेळी सरळ ‘‘तुमचं तुम्ही बघा’’ म्हणून मोकळे होतात. टीटीएमएमला मी नावं ठेवणार नाही. खिशात मोजके पैसे असलेल्या पोराला दर वेळी ‘आज माझ्याकडं नाहीत’ म्हणण्याच्या नामुष्कीतून त्यानं सोडवलंय. मुलींचा तर त्यात निखळ फायदा. आपला चहा आपल्या पैशानं प्यायला की कुणाचं मिंधं राहायचं कारण नाही.

पण मुली या हॉटेलात आहेत कुठं? मागं पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ आहे. तिथं बाजारहाट करून आलेल्या बायका लेकरांसह बसतात, समोसा खातात आणि लगेच उठतात. चार मैत्रिणी बाहेरच्या बाकावर तासभर गप्पा हाणताहेत, असं दृश्य मला इथं दिसलं नाही. ते दिसलं नव्यानं निघालेल्या कॅफेंत. काचेचं दार, कोल्ड कॉफी, सँडविच, पिझ्झा, भिंतीवर इंग्रजी वाक्यं, कोपऱ्यात कुणाचातरी वाढदिवस. जुन्या माणसांना हे कॅफे म्हणजे पैशाची उधळपट्टी वाटते. तिथं भेटलेल्या, नर्सिंगचं शिक्षण घेणाऱ्या एका मुलीनं हिशेब वेगळा मांडला, ‘‘कॉफी महाग आहे, पण कुणी वळून बघत नाही. तेवढ्याचे पैसे देतो आम्ही.’’ घटनेनं प्रवेशाची आडकाठी काढली, नजरेची काढायला कॅफे यावा लागला. आमच्या लाडक्या हॉटेलांचा हा मोठा दोष आहे आणि त्यांच्या प्रेमात पडून तो झाकण्यात अर्थ नाही.

जुन्या हॉटेलांपुढं खरं संकट मात्र कॅफेचं नाही, पाण्याचं आहे. जालन्याला पाण्याचं दुखणं जुनं आणि त्यावरचा शहाणपणाही जुना. जमशेदखान नावाच्या जुन्या कारभाऱ्यानं इथं मोती तलाव बांधला आणि जमिनीखालून नळ घालून पाणी गावातल्या हौदांपर्यंत आणलं. त्यातला मुख्य हौद त्यानंच बांधलेल्या सराईच्या चौकात होता. वाटसरू जिथं उतरणार आणि जेवणार, तिथं आधी पाणी पोचवलं पाहिजे, एवढं त्या काळच्या कारभाऱ्याला कळत होतं. पुढं घाणेवाडीचा जलाशय झाला आणि अलीकडे जायकवाडीचं पाणी जलवाहिनीनं आलं. तरी २०१२-१३च्या दुष्काळात या शहरानं जे दिवस काढले, ते इथं कुणीही विसरलेलं नाही. तेव्हापासून टँकर आणि वीस लिटरचे जार हा हॉटेलांच्या खर्चातला कायमचा रकाना झालाय.

आता चाचांच्या हातातले ते पाण्याचे ग्लास पुन्हा बघा. गिऱ्हाईकानं काही मागवण्याआधीच हॉटेलवाल्याचा खर्च सुरू होतो. प्यायचं पाणी जारचं, धुण्याचं टँकरचं. चहाचा ग्लास दोनदा विसळायचा तर दोन बादल्या लागतात, एक खरकट्याची आणि एक चोख पाण्याची. चोख बादली गढूळ झाली की बदलायची. टंचाईत ती बदलण्याकडं दुर्लक्ष होतं आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग उपाय म्हणून कागदी कप येतो. आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या अशा कपांवर राज्यात २०२२ साली बंदी आली, तरी टपऱ्यांमागं त्यांचे ढीग दिसतात. कागदी कपाचा आणखी एक परिणाम माझ्या लक्षात आला. तो हातात आला की माणूस बसत नाही. रस्त्यावर उभ्यानं पितो, कप फेकतो आणि निघतो. बरेच नवे चहावाले तर बाकं ठेवतच नाहीत. भाडं वाचतं, पोऱ्या वाचतो, पाणी वाचतं. धंद्याच्या हिशेबानं त्यांचं बरोबरच आहे.

मालकांचा हिशेब मात्र कुठल्याच बाजूनं जुळत नाही. एकोणीस किलोचं व्यावसायिक सिलिंडर कधी चढतं, कधी उतरतं. दुधाचा भाव एकदा चढला की उतरल्याचं त्यांना आठवत नाही. चहा दोन रुपयांनी वाढवला की रोजची मंडळी आठवडाभर टोमणे मारतात. भट्टीपाशी उभं राहायला माणूस मिळत नाही, कारण कारखान्यात पगार बरा आहे. मालकांचा मुलगा पुण्यात नोकरी करतो आणि त्यानं परत यावं, असं त्यांनाही वाटत नाही. जागा मोक्याची आहे, मोबाइलच्या दुकानासाठी विचारणा झाली आहे. ‘‘चाचा आहेत तोवर चालवायचं,’’ एवढंच ते बोलतात. चाचांचे गुडघे दुखतात.

नगरपालिकेची आता महानगरपालिका झाली आहे. तिनं या हॉटेलांना अनुदान द्यावं, असं मी म्हणणार नाही. नळाला ठरल्या वेळी पाणी सोडलं तरी त्यांचा निम्मा प्रश्न सुटेल. हॉटेलवाल्यांनी ती मागची फॅमिली रूम मोडून पुढची दोन टेबलं बायका-मुलींना हक्कानं बसता येतील अशी करावीत. मागचा पडदा काढायला पैसे लागत नाहीत. उरलेलं काम गिऱ्हाइकाचं आहे आणि ते अवघड नाही. दोन चहा चौघांत प्यायला हरकत नाही, पण तास झाला की आणखी दोन मागवा. दारात माणसं उभी दिसली की गप्पा आवरा आणि उठा. कागदी कप पुढं आला तर काचेचा ग्लास मागा. बसण्याचे पैसे आजवर कुणी घेतले नाहीत म्हणून बसणं फुकट होतं असं नाही. ते आजवर हॉटेलवाला भरत आलाय, आणि आता त्याला ते एकट्यानं झेपत नाही.