कवकरोधी औषधे, त्वचेवाटे
कवकरोधी औषधे, त्वचेवाटे : कवकांमुळे (बुरशीवर्गीय जीवांमुळे) होणाऱ्या त्वचारोगांत मलम, जेल, द्रावण इ. रूपांत औषध लावून ते कवकाच्या वसतिस्थानी पोहोचविण्याची पद्धत. गजकर्णाची (नायट्याची) कवके केराटीन या प्रथिनावर जगतात व मुख्यतः बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत कोशिकांच्या शृंगस्तरात राहतात. त्यामुळे औषध रक्तात उतरणे येथे अभिप्रेत नसून ते शृंगस्तरात शिरून तेथेच टिकणे आवश्यक असते.

शृंगस्तराची जाडी बहुतेक ठिकाणी ०·०१ ते ०·०२ मिमी. एवढीच असली, तरी कोशिकांमधील वसायुक्त थरांमुळे तो भक्कम अडसर ठरतो. सामान्यतः ५०० पेक्षा कमी रेणुभाराची, वसेत विरघळणारी द्रव्ये त्यात सुलभतेने शिरतात. क्लोट्रिमॅझोल (रेणुभार ३४५) व टर्बिनाफीन (२९१) ही तशी असून त्यांची १% मलमे प्रचारात आहेत. जुन्या व्हिटफील्ड मलमात बेंझॉइक अम्ल ६% व सॅलिसिलिक अम्ल ३% असते. त्यांपैकी दुसरे शृंगस्तर सैल करून त्याची साल काढते. अँफोटेरिसीन-बीसारखे मोठे रेणू (९२४) वसेच्या सूक्ष्म पुटिकांत (लायपोसोमांत) भरून त्वचेत नेता येतात. केसांची मुळे मात्र लेपाच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणून डोक्यावरील गजकर्णात औषध पोटातूनच द्यावे लागते.

वर्ध्यासारख्या उष्ण हवेच्या जिल्ह्यात घामाने ओले राहणारे कपडे जांघा व कंबर येथील गजकर्णास पोषक ठरतात. त्यावर स्टेरॉइडमिश्रित मलम लावल्यास खाज लगेच शमते. परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती दबून कवक पसरते, चट्ट्याची कड पुसट होऊन निदान अवघड होते व त्वचा पातळ पडते. म्हणून भारत सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे वैद्याच्या चिठ्ठीनेच विकावयाच्या ‘एच’ अनुसूचीत घातली. टर्बिनाफिनाला पुष्कळदा दाद न देणाऱ्या ट्रायकोफायटॉन इंडोटिनी  या कवकाचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन २०२० मध्ये झाले.

प्रत्येक चट्टा कवकजन्य नसतो. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे कार्य उभारले, त्या या जिल्ह्यात हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे : फिक्या चट्ट्यावर संवेदना कमी असल्यास मलम लावीत न बसता कुष्ठरोगाची तपासणी करावी. निदान गजकर्णाचे झाल्यास मलम चट्ट्याच्या कडेबाहेर सु. २ सेंमी. पर्यंत लावावे व चट्टा दिसेनासा झाल्यावरही एक-दोन आठवडे चालू ठेवावे. कारण खाज थांबली, तरी शृंगस्तरात कवक शिल्लक असू शकते.

पहा : कवक, कुष्ठरोग, गजकर्ण, त्वचा.