मॉडेल ए गाडीचा भोंगा

फोर्ड कंपनीने 1927 च्या अखेरीस बाजारात आणलेल्या आणि 1931 पर्यंत निर्माण केलेल्या मॉडेल ए गाडीचे चाहते तिच्या इंजिनाविषयी आणि दणकट सांगाड्याविषयी भरभरून बोलतात. परंतु गाडी वळणाआड असतानाच जो तिची वर्दी देतो, तो डाव्या दिव्यालगत बसविलेला भोंगा बहुधा उपेक्षितच राहतो. प्रथम खर्जात घुमणारा, क्षणार्धात चढत जाणारा आणि बटणावरचे बोट उचलताच ओसरणारा तो ‘आ-ऊ-गा’ असा स्वर त्याच्या रचनेतूनच उत्पन्न होतो. आत एक छोटी विजेची मोटर असते. तिच्या दांड्याच्या पुढील टोकाला पोलादी दातेरी चक्र असते. आणि हे दाते पातळ पोलादी पडद्याच्या मध्यभागी बसविलेल्या कठीण गुंडीवर एकामागून एक घासत गेले, की पडदा थरारतो. मोटर वेग घेते तसा स्वर चढतो, मंदावते तसा उतरतो. ही कल्पना मिलर रीझ हचिसन या अमेरिकन विद्युत्-अभियंत्याच्या ‘क्लॅक्सन’ची. बहिऱ्यांना ऐकू यावे म्हणून विजेवर चालणारे श्रवणयंत्र ज्याने आधी सिद्ध केले, त्याच माणसाने हा कर्कश भोंगाही जगाला दिला, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांना विषारी वायूची सूचना देण्याच्या कामीही तो आला.

असा भोंगा मुका झाला, म्हणजे त्याच्या पाठीमागे आधुनिक हॉर्न दडवून वेळ मारून नेण्याचा प्रघात आहे. तो मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेत या भोंग्याचे नवे भाग आजही मिळतात. पण ते येईपर्यंत गाडी मुकी ठेवण्याचेही कारण नाही, कारण ज्या भागांची झीज होते त्यांचे नेमके कार्य समजून घेतले, तर पुण्याच्या जुन्या बाजारातल्या भंगारातूनही त्यांची तजवीज होऊ शकते.

भोंगा उघडण्यापूर्वी मात्र दोष त्याचाच आहे, याची खातरजमा करावी. या गाडीत वीज भोंग्यापर्यंत कायम आलेली असते. सुकाणूच्या चक्राच्या मध्यावरील बटण दाबले, की सुकाणूच्या नळीतून गेलेल्या गजामार्फत तिला सांगाड्याकडे वाट मिळते, आणि तेथे गंज चढला तर निरपराध भोंग्याचे स्क्रू व्यर्थ सुटतात. म्हणून बॅटरीवरून दोन तारा थेट भोंग्याला जोडून पाहाव्यात.

तरीही तो गप्प राहिला, तर बहुतेक वेळा कार्बनचे ब्रश झिजलेले असतात, आणि खरी परीक्षा येथेच होते. घरगुती ड्रिलच्या मोटरचा ब्रश कानशीने घासून मापात सहज बसतो, परंतु तो जास्त व्होल्टच्या विजेसाठी घडविलेला असल्यामुळे त्याचा रोध अधिक असतो, आणि या गाडीच्या 6 व्होल्टना तो पेलवत नाही. मोटर जेमतेम कुरकुरते. याउलट स्टार्टरच्या जुन्या ब्रशमध्ये तांब्याची भुकटी मिसळलेली असते, त्याचा घासलेला पृष्ठभाग लालसर चमकतो, आणि त्यातून कापून काढलेला तुकडा आपले काम चोख बजावतो. ब्रशमागे बॉलपेनची स्प्रिंग घालणारे पुष्कळ आहेत. पण ब्रशला विणलेल्या तांब्याची मऊ तार वेगळी जोडली नाही, तर सारी वीज त्या नाजूक स्प्रिंगमधून धावते, ती तापते आणि तिचा ताणच नाहीसा होतो. ब्रश ज्यावर टेकतात तो मोटरचा कम्युटेटर साफ करताना काचपेपरच वापरावा, कारण एमरीचे कण वीजवाहक असल्याने तांब्याच्या पट्ट्यांमधील फटीत ते अडकले तर नवे दुखणे उद्भवते.

पडद्याच्या दोन्ही अंगांस असलेले पॅकिंग कुजलेले असते. त्यासाठी साचा लागत नाही: जाड पॅकिंग पेपर भोंग्याच्या काठावर ताणून धरावा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके टोले देत जावे, धातूची धारच कागद कापते, आणि स्क्रूची भोके गोल डोक्याच्या एकेका टोल्याने आपोआप पडतात. हे काम मिस्त्री बोलता बोलता करतो, आणि पाहणाऱ्याने ते अवश्य पाहावे.

पडदाच तडकला असेल, तर जाडी तंतोतंत जुळविण्यावाचून गत्यंतर नाही. जाड पत्रा बोलत नाही, पातळ फाटतो. मधली गुंडीही मऊ लोखंडाची चालत नाही. दाते तिला पाहता पाहता खाऊन टाकतात.

शेवटी मागच्या टोकाचा स्क्रू किंचित फिरवून दातेरी चक्र गुंडीच्या जवळ आणावे लागते. दूर राहिले तर मोटर नुसती भणभणते, फार दाबले तर अडून बसते. या दोहोंमध्ये जेथे स्वर भरदार उमटतो, तेथे चेकनट आवळावा, आणि कोणत्या यंत्राचा ब्रश कोणत्या मापाने घातला आहे, हे लिहिलेली चिठ्ठी पुढच्या दुरुस्तीसाठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवून द्यावी.