उपाहारगृहातील इंग्रजी : मागणी आणि विनंती

इंग्रजीचे व्याकरण उत्तम येणारा आपला विद्यार्थी परदेश शिष्यवृत्तीवर लंडनला पोहोचतो आणि पहिल्याच दिवशी उपाहारगृहात अडखळतो. 'गिव्ह मी वन टी' या त्याच्या वाक्यात व्याकरणाचा दोष नसतो. परंतु ऐकणाऱ्यास तो हुकूम वाटतो. मराठीत 'एक चहा द्या' म्हटले की त्या 'द्या'मध्येच वाढणाऱ्याचा मान राखला जातो. इंग्रजीत 'दे' आणि 'द्या' या दोहोंसाठी एकच 'गिव्ह' आहे. त्यामुळे तेथे सौजन्य क्रियापदाच्या रूपात नव्हे, तर वाक्याच्या बांधणीत आणावे लागते.

म्हणून तेथील माणूस विचारतो, 'कुड आय हॅव अ कप ऑफ टी, प्लीज?' अथवा आपली निवड सांगतो, 'आय विल हॅव द सूप, प्लीज.' अमेरिकेत 'कॅन आय गेट अ कॉफी?' सर्रास चालते. 'आय वॉन्ट' मात्र टाळावे. वाढप्यास बोलावण्यासाठी टिचकी वाजवू नये. 'एक्सक्यूज मी' पुरेसे आहे. (टिचकी आपल्याकडेही वाजवू नये, हा भाग वेगळा.) आणखी काही नको असल्यास नुसते 'नो' न म्हणता 'आय अ‍ॅम फाइन, थँक्स' म्हणतात.

शब्द देशागणिक बदलतात. ब्रिटनमधील 'बिल' अमेरिकेत 'चेक' होते. आपले 'पार्सल' तेथे टपालाचे गाठोडे ठरते. पदार्थ बांधून हवा असल्यास ब्रिटनमध्ये 'टु टेक अवे', अमेरिकेत 'टु गो' म्हणावे. 'आँत्रे' हा मूळ फ्रेंच शब्द तर फारच फसवा : अमेरिकेत तो मुख्य पदार्थ, ऑस्ट्रेलियात जेवणाच्या आरंभीचा.

'स्टिल ऑर स्पार्कलिंग?' या प्रश्नाने अनेक जण गोंधळतात. पाणी साधे हवे की बुडबुड्यांचे, एवढाच त्याचा अर्थ; परंतु दोन्ही बहुधा बाटलीतले, विकतचे असते. अशा वेळी निःसंकोचपणे 'जस्ट टॅप वॉटर, प्लीज' म्हणावे. इंग्लंडमध्ये मद्यविक्रीचा परवाना असलेल्या उपाहारगृहांनी ग्राहकाने मागितल्यास नळाचे पिण्याचे पाणी मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे.

एखादा पदार्थ सोसत नसेल, तर विचारण्यात मुळीच कसूर करू नये : 'आय अ‍ॅम अ‍ॅलर्जिक टु पीनट्स. डझ दिस हॅव एनी इन इट?' ब्रिटनमध्ये शेंगदाणे, तीळ, दूध यांसह 14 घटकांची माहिती ग्राहकास देण्याचे बंधन विक्रेत्यावर आहे. उत्तर भराभर आले आणि कळले नाही, तर 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन?' असे पुन्हा विचारावे, आणि तरीही न कळल्यास तिसऱ्यांदा.