शिक्का घरचा, तर ओळख तुम्हीच करून द्या!

समजा, तुमचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस बारामती एमआयडीसीत आहे आणि उद्या इंदापूरच्या दूध डेअरीला बिलिंग ॲपचं अपडेट द्यायचंय. डॉकर रजिस्ट्री स्वतःची, सर्टिफिकेटवर सहीही स्वतःचीच. आणि ऑटोमॅटिक बिल्ड अडकतो: 'सही करणारा अनोळखी'!

दुकानाच्या काट्यावर वैधमापनचा शिक्का लागतो. घरी मारलेला गिऱ्हाईक कसा मानेल? तसंच हे.

घाईत तपासणीच बंद करू नका. मधला कुणीही बनावट माल घुसवेल. बिल्ड मशीनवर डॉकरच्या 'सर्ट्स डॉट डी' फोल्डरमध्ये रजिस्ट्रीचं नाव आणि पोर्ट असलेलं फोल्डर करा, त्यात सर्टिफिकेट 'सीए डॉट सीआरटी' नावानं ठेवा. मशीन दरवेळी नवं येत असेल, तर ही पायरी स्क्रिप्टमध्येच घाला. प्रायव्हेट की मात्र रजिस्ट्रीच्या सर्व्हरबाहेर जाऊ देऊ नका. आणि सर्टिफिकेटची मुदत आजच कॅलेंडरवर लिहा!