तांदळाच्या मापाने मोजलेली संपत्ती
(लेखांक सातवा)

यंत्रयुग इंग्लंडात प्रथम का अवतरले, आणि अठराव्या शतकापर्यंत निम्म्या जगाला कापड नेसविणाऱ्या हिंदुस्थानात ते का अवतरले नाही, या प्रश्नाचा ऊहापोह विद्यापीठांतील अर्थेतिहासकार गेली पंचवीस-तीस वर्षे ज्या हिरिरीने करीत आले आहेत ती पाहता, या वादाचा निकाल लँकेशायरच्या गिरण्यांत नाहीतर न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींत लागावयाचा आहे असे कोणासही वाटावे. वस्तुतः त्या वादाचे एक मूळ कावेरीच्या मुखाशी असलेल्या भातशेतीत रुतलेले आहे. आणि त्या शेतीवर १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी आपला अंमल बसविल्यापासून पुढे पावणेदोनशे वर्षे तेथील दरबारचे हिशेब मराठीत, मोडी लिपीत लिहिले जात असल्यामुळे, या वादाशी मराठी वाचकाचा संबंध तो समजतो त्याहून बराच निकटचा आहे.

वादाला तोंड फुटले ते १९९८ मध्ये. प्रसन्नन पार्थसारथी या इतिहासकाराने एका निबंधात असे प्रतिपादन केले की, अठराव्या शतकातील दक्षिण हिंदुस्थानचा विणकर इंग्लंडातल्या आपल्या व्यवसायबंधूपेक्षा दरिद्री होता ही समजूत निराधार आहे. पैशात पाहिले तर त्याची मजुरी खरोखरच अल्प होती. परंतु त्या पैशात बाजारात जेवढे धान्य येई ते वजनात घेतले असता तो इंग्रज विणकराच्या बरोबरीचा, प्रसंगी त्याच्यापेक्षा सुखवस्तू ठरे. याचे कारण असे की येथील शेती विलक्षण पिकत होती, म्हणून तांदूळ स्वस्त होता. तांदूळ स्वस्त म्हणून थोड्या पैशात विणकराचे पोट भरे. आणि त्याचे पोट थोड्या पैशात भरत असल्यामुळे त्याचे कापड मनिलापासून लंडनपर्यंत कोणाच्याही कापडापेक्षा कमी किमतीत विकले जाई. स्वस्ताई ही दारिद्र्याची खूण नसून सुपीकतेची खूण होती, असा या प्रतिपादनाचा मथितार्थ. २००० साली केनेथ पोमरान्झ यांनी चीनच्या यांगत्से खोऱ्यासंबंधी ह्याच वळणाचा ग्रंथ लिहिला आणि पूर्व-पश्चिमेची आर्थिक फारकत १८००च्या आसपासची, म्हणजे अगदी अलीकडची आहे, हा पक्ष बळावला.

प्रतिपक्ष २००६ मध्ये स्टीफन ब्रॉडबेरी आणि बिष्णुप्रिया गुप्ता यांनी मांडला. त्यांचे म्हणणे असे की, देशादेशांमध्ये ज्या वस्तूंची देवघेव होते त्या सर्वांची किंमत शेवटी चांदीत चुकवावी लागते, तेव्हा तुलना चांदीतच झाली पाहिजे. आणि चांदीत मोजले असता हिंदुस्थानी मजूर इंग्रज मजुराच्या फार खाली होता, तोही अठराव्या शतकात नव्हे, त्याच्या कितीतरी आधीपासून. एवढेच नव्हे, तर धान्याच्या मापानेसुद्धा तो हळूहळू मागे पडत चालला होता. रॉबर्ट ॲलन यांनी २००९ मध्ये याच चांदीच्या मजुरीवर आपल्या प्रसिद्ध उपपत्तीची उभारणी केली: ज्या देशात मजूर महाग आणि कोळसा स्वस्त, त्याच देशात मजूर वाचविणारे यंत्र बनविणे परवडते, हार्ग्रीव्ह्जची सूतकताईची चौकट इंग्लंडात फायद्याची होती, हिंदुस्थानात तीच आतबट्ट्याची ठरली असती.

प्रस्तुत लेखकाचे मत विचाराल तर दोन्ही पक्षांनी एका प्रश्नाला बगल दिली आहे. तांदूळ स्वस्त होता, हे खरे. पण तो कोणाच्या जिवावर स्वस्त होता? तंजावर प्रांतात जमीन मिरासदारांची, आणि तिच्यात राबणारे बहुतेक पण्णैयाळ, म्हणजे धन्याच्या वाड्याशी पिढ्यानपिढ्या बांधले गेलेले शेतमजूर. त्यांची मजुरी पैशात नव्हती, भातात होती, आणि ती खळ्यावर मापून मिळे. विणकराची गणना या मजुरांत होत नाही. तो हरहुन्नरी आणि स्वतंत्र. आगाऊ घेतलेली उचल परत करून करार मोडण्याची मुभा असलेला, आणि जाच झाला तर माग उचलून दुसऱ्या राजाच्या मुलखात जाणारा. त्याच्या ताटातील भाताची विपुलता आणि ज्याने तो भात पिकविला त्याच्या ताटातील टंचाई ही एकाच हिशेबाची जमा आणि खर्च होत. केवळ विणकराचे ताट पाहून देशाची संपत्ती ठरविणे म्हणजे फक्त जमेची बाजू वाचून वही मिटण्यासारखे आहे.

या तांदळावर केवढी मोठी दौलत उभी होती याची कल्पना मात्र एका इंग्रज व्यापाऱ्याच्या प्रकरणावरून चांगली येते. अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने १७७३ मध्ये तंजावर घेतले आणि तुळजाराजांना पदच्युत केले. नबाब कर्जात आकंठ बुडालेला. त्याचे सावकार मद्रासचे कंपनीचेच नोकर. त्यांत पॉल बेनफील्ड हा अग्रगण्य. नबाबाने त्याला तंजावरच्या वसुलावर आणि उभ्या पिकावर वरातवजा हक्क लिहून दिले होते. १७७६ मध्ये विलायतेतल्या डायरेक्टरांच्या हुकुमावरून मद्रासचा गव्हर्नर लॉर्ड पिगट याने राज्य राजाला परत दिले, तेव्हा बेनफील्डने आपला दावा पुढे केला. पिगट बधेना, त्याबरोबर मद्रासच्या कौन्सिलातील बहुमताने आपल्याच गव्हर्नराला कैद केले, आणि पुढल्या वर्षी तो कैदेतच वारला. १७८५ मध्ये एडमंड बर्क याने पार्लमेंटात नबाबाच्या कर्जावर जे गाजलेले भाषण केले, त्याच्या मुळाशी कावेरीकाठचे हेच भात आहे. कापलेही न गेलेले पीक गहाण पडते, त्यावर कर्जरोखे निघतात, आणि त्यांच्यापायी गव्हर्नर पदच्युत होतो, हे पाहिले म्हणजे जागतिक अर्थव्यवहार ही विसाव्या शतकाची निर्मिती आहे असे म्हणवत नाही. मधल्या काळात, १७८१ मध्ये, हैदरअलीच्या स्वारीने हा मुलूख असा उजाड केला की, त्यानंतरच्या दशकाचे भाव आणि मजुरी घेऊन आधीच्या शतकाविषयी अनुमान काढणाराने दहा वेळा विचार करावा.

आता मापाची गोष्ट. भात कलमाने मोजले जाई आणि एका कलमाचे बारा मरक्काल होत, इतके निर्विवाद; पण मरक्काल सर्वत्र सारखा नव्हता, गावोगाव आणि कित्येकदा देवळादेवळात त्याचा आकार वेगळा. शिवाय मापलेला जिन्नस भात की कांडलेला तांदूळ, यावर वजनात केवढा तरी फरक पडतो. नाण्यांत चक्रम, पणम, होन आणि कंपनीचा रुपया यांचे बट्ट्याचे भाव निराळेच. इतक्या पायऱ्या उतरल्यावर लंडनच्या पावाशी जी तुलना निघते तिच्यातील शेकडा पाच-दहाच्या फरकावर सिद्धान्त रचणाऱ्यांचे धाडस वाखाणण्याजोगे खरेच! शिवाय या वादातले आकडे बहुतांशी इंग्रज आणि डच कंपन्यांच्या वखारींच्या दप्तरांतून आलेले आहेत, म्हणजे कापड विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याविषयी लिहून ठेवलेले. घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या टिपणांवरून दुकानदाराची मिळकत ठरविताना जी सावधगिरी बाळगावी लागते ती येथेही बाळगली पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे कागद तंजावरास आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयात राजदप्तराचे १३४२ रुमाल असल्याची नोंद आहे. त्यांत राजवाड्याच्या नोकरांचे पगार, बाजारातील खरेदी, देवस्थानांचा आणि छत्रांचा खर्च, अशी रोजच्या व्यवहाराची टिपणे मोडीत लिहिलेली आहेत. के. एम. वेंकटरामय्या यांनी १९८४ मध्ये या कागदांच्या आधारे मराठा राजवटीच्या कारभारावर आणि लोकजीवनावर तमिळमध्ये विस्तृत ग्रंथ लिहिला, आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांची तमिळ भाषांतरे प्रसिद्ध केली. मराठी दप्तर वाचण्याचा खटाटोप तमिळ विद्वानांनी करावा आणि आपण महाराष्ट्रात बसून तंजावरी नाटकांचे कौतुक करीत राहावे, ही श्रमविभागणी विचित्र आहे खास. रामेश्वराच्या यात्रेकरूंना अन्न घालणारी ओरत्तनाडचे मुक्तांबा छत्र, नीडामंगलमचे यमुनांबा छत्र यांसारखी छत्रे म्हणजे अर्थेतिहासकाराला पर्वणीच. कारण एकाच स्वयंपाकघराचा तांदूळ, डाळ, तूप, जळण आणि आचाऱ्याचा मुशाहिरा यांचा हिशेब वर्षानुवर्षे एकाच मापाने चाललेला असला, की मापाच्या भानगडीतून सुटका होते.

पण या दप्तराला एक मर्यादा आहे, आणि तीच आपल्याला नवनिर्मितीच्या प्रश्नाकडे नेते. पुष्कळसे कागद दुसरे सरफोजी आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या अमदानीतले, आणि २५ ऑक्टोबर १७९९च्या तहाने सरफोजींनी प्रांताचा कारभार कंपनीच्या स्वाधीन केला होता. त्यांच्याकडे किल्ला आणि आसपासचा थोडा टापू उरला. शिवाय सालीना एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. म्हणजे या कागदांत बहुतांशी दिसतो तो प्रांताचा कारभार नव्हे, तर कारभार हातून गेलेल्या दरबाराचा खर्च. पैसा आहे पण सत्ता नाही, अशा दरबारात नवनिर्मितीचे काय होते, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

जोएल मोकिर यांना २०२५ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते वाढ टिकण्यास काय लागते याच्या विवेचनाबद्दल. त्यांच्या मते 'असे का होते' हे सांगणारे ज्ञान आणि 'असे करावे' हे सांगणारे ज्ञान, ही दोन्ही एकमेकांच्या हातात हात घालून चालू लागली, तेव्हाच यंत्रयुगाला खंड पडेनासा झाला. ही कसोटी सरफोजींना लावून पाहण्यासारखी आहे. श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने युरोपातून ग्रंथ आणि उपकरणे मागविली. त्यांपैकी कितीतरी ग्रंथांवर त्याची इंग्रजी स्वाक्षरी आजही दिसते. त्याने देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि १८०६च्या सुमारास इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत छापल्या. धन्वंतरी महालात देशी आणि विलायती औषधींचा पडताळा पाहिला जाई, आणि नेत्ररोग्यांची टिपणे तर अशी की, रोग्याच्या डोळ्याचे चित्र काढून त्याशेजारी विकाराचे वर्णन आणि उपचाराचा परिणाम लिहिलेला. कारण आणि कृती यांची सांगड घालण्याची हीच ती रीत. सावित्री प्रीता नायर यांनी २०१२ मध्ये सरफोजींवरील आपल्या ग्रंथात हे सर्व तपशीलवार उलगडले आहे.

मग ठिणगी का पडली नाही? लोकांची जिज्ञासा कमी पडली, हे उत्तर तंजावरपुरते तरी टिकत नाही. बंदर, बाजार, कालवा, जकात आणि विणकरांशी करारमदार, ज्यांच्या द्वारे एखादी नवी युक्ती दालनाबाहेर पडून मागापर्यंत पोचते, ते सर्व त्या तहाने कंपनीच्या हाती गेले होते. आणि राजाचा छापखाना, त्याची वैद्यशाळा, त्याची उपकरणे ही एका खासगी खर्चाच्या सदरात उरली. १८३२ मध्ये तो निवर्तला आणि १८५५ मध्ये शिवाजीराजांच्या निपुत्रिक निधनाने राज्यच खालसा झाले, तेव्हा त्या सदराचाही वाली उरला नाही. वसुलाचा पाचवा हिस्सा मिळणाराला वसूल वाढविण्यात थोडाफार स्वार्थ असतो, पण तो वाढविण्याचे एकही साधन नसते, हे कलम लिहिणाराच्या ध्यानात आले असावे असा संशय घेण्यास जागा आहे.

पुढील लेखांकात तरंगंबाडीकडे वळू. रघुनाथ नायकाशी १६२० मध्ये करार करून तेथे वखार घातलेले डेन लोक व्यंकोजींच्या वंशजांनाही दरसाल ठरलेला खंड भरीत आले. त्यांच्या कोपनहेगनमधील दप्तराचा पडताळा तंजावरच्या रुमालांशी घेता आला, तर तांदळाच्या भावाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी एकदम तपासता येईल.