उजव्या हाताचं दशक

१८ जुलै २०२२ला भूपिंदर सिंग गेले. मी वाचलेल्या बहुतेक मृत्युलेखांत ते गझलगायक होते. ‘चुरा लिया है’च्या सुरुवातीला वाजते ती गिटार त्यांची, हे आलंच तर एखाद्या ओळीत. साथीच्या गिटारची दखल आपल्याकडे कधी नीट घेतली गेली नाही. आता ती वाजवणारेही कमी होत चाललेत. गेल्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर चांगल्या महागड्या गिटारी होत्या, पण शेजारच्या काकू गायला लागल्या तेव्हा त्यांच्यामागे ठेका धरायला एकही मुलगा पुढे झाला नाही. बोटं तयार होती, रीलपुरते तुकडे झरझर निघत होते. गाणारीचा सूर शोधायचा आणि गाणं संपेपर्यंत हात थांबू द्यायचा नाही, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मला ते फार लागलं.

सिनेमातल्या सत्तरच्या गिटारवर लोकांनी भरपूर लिहिलंय. ऐंशीचं दशक सिंथेसायझरचं, त्यात माझं मन रमत नाही. १९८८मध्ये ‘पापा कहते हैं’ म्हणत आमिर खान गिटार घेऊन पडद्यावर आला आणि पुढचं दशक आमचं झालं. १९९६ला लकी अलींचा ‘सुनो’ आला, १९९९ला केकेंचा ‘पल’. कॉलेजच्या कट्ट्यावर, होस्टेलच्या जिन्यात, सहलीच्या एसटीत एक गिटार आणि भोवती दहा-बारा गळे असायचे. गिटार साधीच, तारा पट्टीपासून इतक्या उंच की एफ कॉर्डसाठी पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबताना मनगट भरून यायचं. तरी तीच हातोहात फिरायची.

शिकायचं कसं, तर कॅसेट मागे-पुढे करत. उजव्या हाताला एवढंच: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. तिसऱ्या मात्रेचा डाऊन तारांना न लागता हवेतून जातो, पण हात जातोच. तो थांबला की लय गेली. सी वरून ए मायनरवर जाताना पहिली दोन बोटं जागची हलत नाहीत, फक्त तिसरं बोट पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर येतं. हे एकदा कळलं की डावा हात निर्धास्त होतो. जी वरून सीला जायला वेळ लागतो, तेव्हा शेवटचा अप मोकळ्या तारांवर जाऊ द्यायचा. ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. संध्याकाळच्या संध्याकाळ आम्ही दोनच कॉर्डमध्ये ये-जा करायचो आणि त्यात कंटाळा नव्हता, कारण समोर कुणीतरी गात असायचं.

तेव्हाच्या एका क्लासचा राग मात्र अजून गेलेला नाही. तिथे महिनोन् महिने एकेका तारेवर सिनेमाच्या चाली वाजवून घेत. कॉर्ड मागितली की ‘ते नंतर’. दुसरीकडे पेटी-तबलावाली वडीलधारी मंडळी आमच्या वाजवण्याला खरखर म्हणायची. अहो, केरव्याच्या आठ मात्रा चार डाऊन आणि चार अपमध्ये चपखल बसतात! दादरा धरायचा तर पहिल्या मात्रेला जाड तारेवर वजन द्यायचं, चौथीला हात हलका. कितीतरी भावगीतं आम्ही अशी वाजवली, आणि ती गाणाऱ्या मावश्या-आत्या खूश असायच्या. ठेका आणि गिटारमधला हा पूल त्या क्लासवाल्यांनी बांधला नाही, त्या मंडळींनीही नाही.

मग कॉर्ड मोबाइलवर आल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फुटपाथवरच्या वह्यांतल्या चुकीच्या कॉर्डपेक्षा ते केव्हाही बरं. तक्रार आहे ती तयार ट्रॅकबद्दल. गाणाऱ्याने मध्येच श्वास घेतला, कडवं विसरलं, लय किंचित ओढली, तर ट्रॅक पुढे निघून जातो. साथीला बसलेला माणूस थांबून त्याला सोबत घेतो. गच्चीवरच्या त्या मुलांपैकी दोघं आता रविवारी सकाळी माझ्याकडे येतात. सोलो बंद, फोन पिशवीत, काकूंना मी मुद्दाम बोलावलंय. सध्या सी आणि ए मायनर चालू आहे, दादऱ्यात.