जुन्या ट्रकचा रंग : पुसावा की राखावा?

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्याला घरात काही जुनाट दिसलेले खपत नाही. भिंतींना डिस्टेंपर, खिडक्यांना ऑइलपेंट, आणि उरल्यासुरल्या रंगात अंगणातल्या कुंड्याही रंगून निघतात. हौस चांगलीच आहे. पण मैत्रिणींनो, काही वस्तू अशा असतात की नवा रंग चढला की त्यांचे निम्मे मोल जाते. आज मी अशाच एका वस्तूविषयी लिहिणार आहे, आणि स्वयंपाक-शिवणाच्या पानांशेजारी ती पाहून तुम्हांला गंमत वाटेल. ती वस्तू म्हणजे जुना मालट्रक!

हसू नका हं. सांगली, कराड, लासलगाव, जळगाव अशा बाजारपेठेच्या गावांत कितीतरी घरे एकेका ट्रकवर उभी राहिली. मुलींची लग्ने, मुलांची शिक्षणे त्याच्याच भाड्यावर झाली. आज कुणाच्या परसात तो ट्रक उभा असेल, कुणाकडे जीप, कुणाकडे आजोबांची स्कूटर, नाहीतर नाव रंगवलेली पत्र्याची ट्रंक. रंग दिलेला पत्रा म्हटला की पुढच्या गोष्टी सगळ्यांना सारख्याच लागू.

आमच्याकडचा ट्रक माझ्या आजेसासऱ्यांनी १९६८ साली घेतला. टाटांचे ट्रक तेव्हा जर्मनीच्या डाइमलर-बेन्झ कंपनीच्या सहकार्याने होत. १९५४ साली झालेला तो करार १९६९ साली संपला. म्हणून आमच्या ट्रकच्या नाकावर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी आहे. या ट्रकने सांगलीची हळद आणि गूळ वर्षानुवर्षे मुंबईला नेला. आता बरीच वर्षे तो वखारीमागे पत्र्याच्या शेडमध्ये उभा आहे. गेल्या वर्षी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, चार दिवसांत स्प्रे मारून नवाकोरा करून टाकतो." सासरे इतकेच म्हणाले, "बाकीचं काय करायचं ते करा, दाराला हात लावू नका."

दारावर आहे तरी काय? उजव्या दाराच्या काठावरचा निळा रंग वीतभर पार गेला आहे. तिथे सासऱ्यांचे कोपर टेकत असे. पायरीचा रंग पायांनी झिजला. डाव्या मडगार्डला खंबाटकी घाटातला पोचा आहे. कपाळावर 'आईचा आशीर्वाद' आणि मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरे गावातल्या पेंटरने कुंचल्याने काढलेली, सावली देऊन. ही शेवटची ओळ व्यापारी वाहनांवर लिहायला महाराष्ट्रात २०१५ साली परिवहन आयुक्तांनी मनाई केली. आणि फ्लेक्स व स्टिकर आल्यापासून अशी अक्षरे काढणारे हातही कमी झाले. निळा रंग दुकानात केव्हाही मिळेल, पण ती अक्षरे कुठून आणायची?

मात्र राखायचे म्हणजे तसेच टाकून द्यायचे, असा अर्थ नाही बरं का! टाकून दिलेला ट्रक पाच-सात पावसाळ्यांत भंगार होतो. आधी ओळखायला हवे की समोर दिसते ते मळ आहे, गंज आहे की झिजलेला रंग. मळ काढायचा, गंज थांबवायचा आणि झीज जपायची. सगळी गोम एवढ्यातच आहे.

आमच्या केबिनवर २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराची रेघ आहे. ती राखावी असे घरात सगळ्यांनाच वाटत होते. पण रेघेवर सुकून बसलेला गाळ हवेतला ओलावा धरून ठेवतो आणि खालचा पत्रा खातो. म्हणून गाळ धुतला, खाली उमटलेला डाग ठेवला. पूर कुठवर आला होता ते आजही दिसते.

गंजाचेही असेच. उघड्यावरच्या तांब्यावर चढणारा हिरवट थर आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो भुसभुशीत असतो, त्यातून पाणी आणि हवा आत जात राहते. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खालून रंगाचे पोपडे उचलतो. आणि टपावरचा रंग हाताला पिठासारखा लागतो तो का? उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगाला धरून ठेवणारे तेल-राळ विघटित होते आणि नुसती रंगाची भुकटी वर राहते. तिथे घासाल तेवढा रंग जाईल.

आता कामाला लागू या.

सर्वांत आधी दिवसाच्या उजेडात चारी बाजूंनी आणि अक्षरांचे जवळून फोटो काढा. मग मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ झाडा. बादलीभर पाण्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे चार थेंब टाका. कोपऱ्यात कुठेतरी ओल्या पांढऱ्या फडक्याने हलकेच टिपून पाहा. फडक्याला रंग लागला तर तिथे पुसणे थांबवा, नुसते पाण्याने टिपा. रंग लागला नाही तर जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने वरून खाली पुसत या. आपले नेहमीचे रामबाण उपाय इथे बाजूला ठेवा : चिंच, लिंबू, सोडा, तारेची घासणी, रॉकेल, थिनर, काही नको. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवाराही नको, सुटत आलेला रंग त्याने उडून जातो. रबिंग कंपाऊंडने चकाकी येते खरी, पण ती वरचा थर खरवडून येते.

धुतल्यावर त्याच दिवशी कोरडे करा. दारांच्या तळाशी बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करा. ती बुजली की पाणी दारात साठते आणि पत्रा आतून सडतो.

सुटे पोपडे काढताना एक गोष्ट कधीही विसरू नका. जुन्या रंगांत आणि शेंदरी प्राइमरमध्ये शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. जुने थर त्याच्या कितीतरी आधीचे. शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, गर्भालाही धोका असतो. म्हणून कोरडा पॉलिशपेपर किंवा ग्राइंडर मुळीच लावायचा नाही. जागा पाण्याने ओली करून लाकडी पट्टीने अलगद काढा, धुळीसाठी असलेला मास्क लावा, खाली प्लास्टिक अंथरून सगळे पोपडे गोळा करा. मुलांना आणि गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका. हात धुतल्याशिवाय पोळीला हात लावायचा नाही, आणि ते कपडे वेगळे धुवायचे.

सगळे खडखडीत वाळले की गाडीचे साधे घट्ट मेण, ज्यात घासणारी पूड नाही असे, अगदी पातळ लावा आणि मऊ फडक्याने पुसून घ्या. अक्षरांवर आणि पिठाळलेल्या भागावर चोळू नका, फडक्याने हलके टेकवा. 'वरून क्लिअर लॅकर मारा, काम कायमचं होईल' असे सांगणारे भेटतील. पण खाली गंज असेल तर तो लॅकरखाली वाढतच राहतो, वरचा थर सुटतो आणि येताना अक्षरे घेऊन येतो. मेण पुढे केव्हाही काढता येते. जे परत काढता येईल तेच लावावे.

हौद्याच्या लाकडी फळ्यांना उकळलेले जवसाचे तेल लावले तर चालते. पण तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि अशा बोळ्यांनी आपोआप पेट घेतल्याचे प्रकार घडतात. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ट्रकवर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. वर छप्पर आणि बाजूंनी वारा, हे उत्तम. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी अधूनमधून गोड्या पाण्याने मिठाचा थर धुवावा. मेण वर्षातून दोनदा पुरे, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा दिवाळीत. आणि हो, हे सगळे उभ्या ठेवलेल्या गाडीसाठी. रस्त्यावर धावणाऱ्या ट्रकचे दिवे, ब्रेक, नंबरप्लेट, पासिंग नियमाप्रमाणेच हवे. तिथे जुनेपणाचे कौतुक नको.

आमच्या दिरांनी शेवटी स्प्रे आणला नाही. दार गंजून पडले नाही ना, एवढीच त्यांची काळजी होती. मेण लावायला आता तेच पुढे असतात.

एक काम मात्र आपल्या बायकांचेच. शंभर पानी वही घ्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ट्रकपाशी खुर्ची टाकून बसवा. हा पोचा कधीचा, ही अक्षरे कोणी काढली, पहिले भाडे किती मिळाले, सगळे विचारून लिहून ठेवा. माझे सासरे ऐंशीच्या घरात आहेत. खंबाटकीच्या पोच्याची हकिगत त्यांनी मला तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा त्यात नवे काही निघाले. पत्रा मेणाने टिकेल, पण त्या पोच्याची गोष्ट सांगणारे माणूस आज समोर आहे तोवरच ती उतरवून घ्यायला हवी. या दिवाळीत रंगाचा डबा आणायच्या आधी वही आणा.